ऐब सांगून विकावा

जोगेश्वरी पश्चिमेचा ओशिवरा फर्निचर बाजार आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असेल. लग्नाचा पलंग घ्यायला, जुने कपाट विकायला, निदान नुसते बघायला तरी आपण तिथे गेलेले असतो. सागवानी आरामखुर्च्या, शिसवी पेट्या, पितळी दिवे, ग्रामोफोनचे कर्णे, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली सोनेरी चौकटींतली मोठमोठी चित्रे. यातले काही खरोखर जुने असते. बरेचसे जुन्यासारखे दिसावे म्हणून नव्याने केलेले असते. चांगले दुकानदार तसे स्वतःहून सांगतात. काही सांगत नाहीत.

अशाच एका चित्राविषयी या महिन्यात लिहायचे आहे. कॅनव्हासवर तैलरंगांत काढलेले, चार-साडेचार फूट रुंद. दीडशे वर्षांपूर्वीचे लंडन. फरसबंद अंगणात उंच काळ्या टोप्या घातलेल्या लोकांची गर्दी आहे. चौथऱ्यावर लिलाव पुकारणारा उभा आहे, त्याच्या हातात छोटी हातोडी. मोतद्दाराने लगाम धरून एक कुमैत घोडा पळवत आणला आहे आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर खिळल्या आहेत. डाव्या कोपऱ्यात एक माणूस दुसऱ्या घोड्याचा पाय चाचपतो आहे, तर तिसरा घोड्याचा जबडा उघडून दात बघतो आहे.

हे चित्र मूळ नाही. मूळ चित्राच्या छापील प्रतीवरून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने हाताने काढलेली ती नक्कल आहे. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा त्याने चांगल्या श्रेणीत दिल्या होत्या. पुढे शिकणे जमले नाही. आज तो त्या बाजारातल्या एका दुकानासाठी चित्रे काढतो आणि दुकानातही बसतो. त्याचे आणि दुकानाचे नाव इथे देत नाही. त्याने मला जो प्रश्न विचारला तो मात्र आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे, म्हणून हा लेख.

आधी चित्रातल्या प्रसंगाकडे बघू. राणी व्हिक्टोरियाच्या काळात लंडनमध्ये घोड्यांच्या लिलावाचे सर्वात नावाजलेले ठिकाण म्हणजे टॅटरसॉल्स. रिचर्ड टॅटरसॉल यांनी १७६६ साली ते हाइड पार्क कॉर्नरजवळ सुरू केले आणि १८६५ साली ते नाइट्सब्रिजला गेले. त्या काळी घोडा म्हणजे आजची मोटार, टेम्पो आणि रिक्षा, सगळे एकच. डॉक्टरपासून कोळसेवाल्यापर्यंत प्रत्येकाला घोडा लागायचा. त्यामुळे घोड्यांच्या व्यापारात पैसाही होता आणि फसवणूकही. म्हाताऱ्या घोड्याचे दात कानशीने घासायचे, त्यांत खळगे करून डागायचे, म्हणजे तो तरुण वाटावा. लंगडत्या घोड्याला विक्रीच्या वेळी असे उभे करायचे की दुखरा पाय नजरेत येऊ नये. चित्रातला तो माणूस दात आणि पाय का तपासतो आहे, हे आता लक्षात येईल.

१८७७ साली अ‍ॅना स्यूएल या इंग्लिश लेखिकेचे ‘ब्लॅक ब्यूटी’ हे पुस्तक आले. त्यात घोडा स्वतःची कहाणी स्वतः सांगतो. घोड्यांच्या बाजाराचे एक प्रकरणच त्यात आहे. लेखिका स्वतः लहानपणीच्या दुखापतीने पायांनी अधू होती आणि पुस्तक निघाल्यावर काही महिन्यांतच, १८७८ मध्ये, ती वारली. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने कोणीतरी बोलायला हवे, एवढेच तिला म्हणायचे होते.

हा प्रसंग आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. ओशिवऱ्याचा बाजार ज्या स्वामी विवेकानंद मार्गाला लागून आहे, त्या रस्त्याचे जुने नाव घोडबंदर रोड. वांद्रे, अंधेरी, बोरिवली असा तो उत्तरेला खाडीकाठच्या घोडबंदरकडे जायचा. तिथे जहाजांतून घोडे उतरत, म्हणून गावाचे नाव घोडबंदर पडले, असे सांगितले जाते. मुलुंडच्या पलीकडे ठाण्याची कथा तर त्याहून जुनी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राजाविषयी लिहून ठेवले आहे की, समुद्रावरच्या चाच्यांशी त्याचा करार होता. लुटीचा बाकी माल चाच्यांनी ठेवायचा, पण घोडे राजाला द्यायचे. हिंदुस्थानात चांगला घोडा दुर्मीळ होता आणि तो अरबस्तान-इराणकडून समुद्रमार्गे यायचा, म्हणून त्याचे मोल एवढे.

इंग्रजांच्या काळात हाच व्यापार मुंबई बंदरात आला. बसरा आणि कुवेतहून गलबतांनी अरबी घोडे यायचे. भेंडी बाजार आणि भायखळ्याच्या बाजूला अरब सौदागरांचे तबेले होते. फौजेचे अधिकारी, संस्थानिक आणि शर्यतीचे शौकीन तिथे घोडे पारखायला येत. पुढे ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या घोड्यांनी या व्यापाराला टक्कर दिली. ९ मे १८७४ रोजी मुंबईत पहिली ट्राम धावली, तीही घोड्यांनीच ओढलेली. त्या कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे होते, असे सांगतात. १९०७ साली विजेची ट्राम आली, तेव्हा त्यांचे काम संपले होते. म्हणजे लंडनच्या चित्रातला तो लिलाव आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेली मुंबई, ही एकाच काळाची दोन टोके आहेत.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो.

चित्र काढायला त्याला अकरा दिवस लागले. छापील प्रतीवर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या प्रमाणात कॅनव्हासवर आखायच्या आणि एकेक चौकट उतरवून घ्यायची. मग पातळ तपकिरी रंगाचा पहिला हात. त्यावर सावल्या, त्यावर उजेड, शेवटी घोड्याच्या अंगावरची चमक. हे काम प्रामाणिक आहे आणि कष्टाचे आहे. त्यापुढे दुकानात जे होते ते वेगळे. कॅनव्हासच्या मागच्या बाजूला चहाचे पाणी फिरवतात, म्हणजे कापड पिवळट दिसते. वर पिवळसर वॉर्निश चढवतात. चौकटीचे कोपरे मुद्दाम घासतात. आणि गिऱ्हाईक आले की मालक म्हणतात, “सांग, पारशी बंगल्यातून आलंय. शंभर वर्षं जुनं आहे.”

चित्र विकले गेले तर त्याला ठरलेल्या मजुरीवर कमिशन मिळते. नक्कल म्हणून जी किंमत येईल, तिच्या कित्येक पट ‘जुने’ म्हणून येते. घरी अम्मी आहे, धाकटी बहीण बारावीला आहे. एका रविवारी तो घरी आला आणि म्हणाला, “सर, ‘शंभर वर्षं जुनं’ हे खोटं आहे, ते मला कळतं. ते मी बोलत नाही, शेठ बोलतात. पण गिऱ्हाइकानं ‘ओरिजिनल आहे का’ असं विचारलं, तर मी ‘ओरिजिनल हँडमेड’ असं म्हणतो. चित्र तर मी हातानंच काढलंय ना? मग त्यात खोटं कुठे आहे?”

प्रश्न नीट ऐकण्यासारखा आहे, कारण आपण सगळेच कधी ना कधी असे एखादे वाक्य शोधत असतो. शब्द खरे, पण समोरच्याच्या मनात त्यातून जे चित्र उभे राहते ते खोटे.

पहिली गोष्ट त्याला ही सांगितली की नक्कल काढणे यात लाजण्यासारखे काही नाही. चित्रकार शिकतात ते मोठ्यांच्या चित्रांवरून हात फिरवूनच. आपल्याकडे कातिब मंडळी उस्तादाच्या अक्षरावरून वर्षानुवर्षे मश्क करत, तसेच हे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आजही परवानगी काढून लोक नकला काढत बसतात. मात्र तिथे नियम आहे की नकलेचे माप मूळ चित्राएवढे ठेवायचे नाही आणि मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही. चीनमध्ये शेंझेनजवळ दाफेन नावाचे गाव आहे. १९८९ साली हाँगकाँगहून आलेल्या एका चित्रकार-व्यापाऱ्याने तिथे काम सुरू केले आणि पुढे नामवंत चित्रांच्या हाताने काढलेल्या नकला तिथून जगभर जाऊ लागल्या. कायद्याचेही म्हणणे तेच. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या चित्रावरचा हक्क संपतो. व्हिक्टोरियाच्या काळातल्या चित्राची नक्कल काढायला आज कोणाची हरकत नाही. नक्कल हा गुन्हा नाही. नक्कल आहे हे लपवणे हा गुन्हा आहे.

घोड्यांच्याच एका चित्राची हकीकत त्याला सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. रोझा बॉन्यूर ही फ्रान्सची चित्रकार. पॅरिसमधल्या घोड्यांच्या बाजारात ती आठवड्यातून दोनदा, दीड वर्ष जात राहिली. पुरुषांच्या गर्दीत कोणी त्रास देऊ नये म्हणून पुरुषी कपडे घालून जायची. त्यातून ‘घोड्यांचा बाजार’ हे सुमारे अडीच मीटर उंच आणि पाच मीटर रुंद चित्र तयार झाले. १८५३ साली ते पॅरिसच्या प्रदर्शनात लागले. इंग्लंडमध्ये नेले तेव्हा राणी व्हिक्टोरियानेही ते मागवून पाहिले. १८८७ पासून ते न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. या चित्राचे छाप काढण्यासाठी त्याची एक छोटी प्रत हवी होती. ती बॉन्यूरने आपली मैत्रीण नताली मिका हिच्या मदतीने केली. ती प्रत पुढे एका इंग्रज गृहस्थाने मृत्युपत्राद्वारे लंडनच्या नॅशनल गॅलरीला दिली. हे कळल्यावर बॉन्यूर अस्वस्थ झाली. त्या प्रतीत मैत्रिणीचा हात जास्त होता आणि एवढ्या मोठ्या संग्रहालयात आपल्या नावाने टांगण्याइतकी ती चांगली नाही, असे तिला वाटले. तिने आणखी एक प्रत स्वतः रंगवली आणि बदलून घ्या असे कळवले. मृत्युपत्राच्या अटीमुळे संग्रहालयाला ते करता आले नाही. आज त्या चित्राखाली दोघींची नावे आहेत.

पैसे कधीच मिळाले होते, चित्र हातातून गेले होते आणि कोणी तक्रारही केली नव्हती. तरी आपल्या मालातला ऐब तिने स्वतःहून सांगितला.

आपल्या दीनमध्ये या विषयाची शिकवण फार स्पष्ट आहे, आणि गंमत अशी की त्यातल्या एका प्रसंगात घोडाच आहे. हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्या नोकराने त्यांच्यासाठी ३०० दिरहमला एक घोडा ठरवला आणि पैसे द्यायला घोड्याच्या मालकाला घेऊन तो घरी आला. हजरत जरीर यांनी घोडा पाहिला आणि मालकाला सांगितले की तुझा घोडा यापेक्षा जास्त किमतीचा आहे, ४०० घेशील का? मग पुन्हा पाहिले आणि ५०० म्हणाले. असे करत करत घेणाऱ्यानेच किंमत ८०० दिरहमपर्यंत नेली आणि तेवढे पैसे दिले. लोकांनी कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले की प्रत्येक मुसलमानाचे भले चिंतीन अशी बैअत मी प्रेषितांच्या (स.) हातावर केली आहे. हदीसच्या ग्रंथांत आलेला हा प्रसंग वाचताना त्या चित्रातला लिलाव डोळ्यांसमोर आणा. तिथेही बोली शंभरा-शंभराने चढते, पण ती दुसऱ्याला हरवण्यासाठी चढते. इथे ती दुसऱ्याचे नुकसान होऊ नये म्हणून चढली.

लिलाव करणे गैर नाही. तिर्मिझी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत आहे की एक गरजू अन्सारी मागायला आला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याच्या घरातली एक चादर आणि एक पेला मागवून घेतला आणि कोण जास्त देतो असे विचारून तो विकून दिला. एकाने एक दिरहम सांगितला, दुसऱ्याने दोन दिले. एका दिरहमचे घरी अन्न गेले, दुसऱ्याची कुऱ्हाड आली आणि तो माणूस लाकडे तोडून स्वतःच्या पायांवर उभा राहिला. मनाई आहे ती नजशची. म्हणजे घ्यायचे नसताना नुसती किंमत वाढवण्यासाठी खोटी बोली लावणे. विकण्याआधी काही दिवस जनावराचे दूध न काढता कास फुगवून ठेवण्यालाही मनाई आहे. तशी फसगत झाली तर जनावर परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला दिलेला आहे. वर कोरडे आणि आत भिजलेले धान्य ठेवणाऱ्या व्यापाऱ्यालाही प्रेषितांनी (स.) कडक शब्दांत सुनावले होते. फुगवलेली कास, भिजलेले धान्य, कानशीने घासलेले दात आणि चहाच्या पाण्याने पिवळा केलेला कॅनव्हास, ही सगळी एकाच जातीची कामे आहेत.

देशाचा कायदाही याच वाटेने जातो. आपला मालविक्रीचा कायदा १९३० चा, आणि तो बेतलेला आहे व्हिक्टोरियाच्याच काळातल्या, १८९३ च्या इंग्लिश कायद्यावर. त्याचे ६४ वे कलम लिलावाचे आहे. किंमत वाढवण्यासाठी विकणाऱ्याने खोटी बोली लावली, तर घेणाऱ्याला तो सौदा मोडता येतो. ‘शंभर वर्षं जुनं’ या वाक्यालाही कायद्यात वजन आहे. १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे १०० वर्षे किंवा अधिक जुने चित्र ही पुरावस्तू ठरते आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. म्हणजे दुकानदाराचे म्हणणे खरे असेल तर परवाना हवा, आणि खोटे असेल तर ती फसवणूक. दोन्हीकडून तो अडचणीतच आहे.

मग ‘ओरिजिनल हँडमेड’चे काय? मी विद्यार्थ्याला एवढेच विचारले, “गिऱ्हाईक ‘ओरिजिनल’ म्हणतो तेव्हा त्याला काय विचारायचं असतं, हे तुला माहीत असतं ना?” तो म्हणाला, “हो.” “मग उत्तर त्या प्रश्नाचं द्यायचं. आपल्याला सोयीच्या प्रश्नाचं नाही.” घोड्याला बोलता येत नाही, चित्रालाही येत नाही. जी वस्तू स्वतः बोलू शकत नाही, तिच्याविषयीचे सत्य विकणाऱ्यालाच बोलावे लागते. घेणाऱ्याला दिसत नाही तेच नेमके सांगायचे असते. जे दिसते ते सांगण्यात कसली आली सचोटी?

तो गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, तुम्हाला पगार महिन्याच्या महिन्याला मिळतो.” बोलणे टोचले, पण त्यात तथ्य होते. ज्याच्या घरात बारावीची फी भरायची आहे, त्याला नसीहत देणे सोपे असते. म्हणून यापुढचे बोलणे नसीहतीचे ठेवले नाही. काय करता येईल यावर आम्ही दोघे बसलो.

तीन गोष्टी ठरल्या. एक, चित्राच्या खालच्या कोपऱ्यात त्याने स्वतःची सही करायची आणि मागे ‘हाताने काढलेली प्रत’ असे साल घालून लिहायचे. दोन, मालकाला सत्याचे भाषण द्यायचे नाही, तर परवान्याची आणि ग्राहक मंचाची अडचण समजावून सांगायची. व्यापाऱ्याला धोक्याची भाषा लवकर कळते. तीन, गिऱ्हाइकाला नक्कल म्हणूनच चित्र दाखवायचे, पण मान खाली घालून नाही. किती दिवस लागले, रंग कोणते वापरले, चौकटी कशा आखल्या, हे सगळे सांगायचे.

पुढे काय झाले तेही सांगतो, कारण अशा गोष्टींचा शेवट नेहमी गोड करून सांगितला जातो. मालक नाराज झाले. घोड्यांचे ते चित्र घ्यायला आलेल्या एका जोडप्याने ‘नक्कल’ हा शब्द ऐकला आणि ते निघून गेले. त्याचे कमिशन बुडाले. चित्र दोन महिने तसेच पडून होते. मग एका हॉटेलवाल्याने ते नक्कल म्हणून नकलेच्या दरात घेतले आणि तशीच आणखी दोन करून मागितली. मालकांनी चहाचे पाणी फिरवणे पूर्ण बंद केले का? नाही. पण याच्या चित्रांवर फिरवत नाहीत. नोकरी आहे, पैसे पूर्वीपेक्षा थोडे कमी आहेत. इमाम बुखारी यांच्या संग्रहातल्या एका हदीसचा आशय असा आहे की घेणारा-देणारा खरे बोलले आणि ऐब उघड केला तर सौद्यात बरकत होते, आणि लपवले तर ती पुसली जाते. बरकत म्हणजे लगेच जास्त पैसे, असे त्यात म्हटलेले नाही. हे मुलांना सांगताना आपण विसरतो आणि मग पैसे आले नाहीत की मुलांचा विश्वास उडतो.

त्याच्या अम्मीचा प्रश्न वेगळाच होता. त्या म्हणाल्या, “सर, नक्कल-अस्सल राहू द्या. जानदारांची तस्वीर काढून मिळालेली रोजी कशी?” हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. सजीवांची चित्रे काढण्याविषयी हदीसमध्ये कडक ताकीद आहे आणि बहुसंख्य जुन्या उलमांनी ती मनाईच मानली आहे. चित्रे असलेला पडदा प्रेषितांना (स.) आवडला नाही आणि हजरत आयेशा (रजि.) यांनी त्याच कापडाच्या उशा केल्या, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. दुसरीकडे, हजरत आयेशा (रजि.) यांच्या खेळण्यांत कापडाचे पंख लावलेला एक घोडा होता आणि हजरत सुलेमान यांच्या घोड्यांना पंख होते असे त्यांनी सांगितल्यावर प्रेषित (स.) हसले, हीही रिवायत अबू दाऊदमध्ये आहे. यावरून उलमांनी वेगवेगळे निष्कर्ष काढले आहेत. हा माझा अधिकाराचा विषय नव्हे, म्हणून मी त्यांना आपल्या विश्वासातल्या आलिमांकडे जायला सांगितले. ते दोघे जाऊन आले. हल्ली तो इमारती, बंदरे आणि जहाजांच्या ऑर्डर आधी घेतो. घोड्यांच्या ऑर्डर अजून पूर्ण सुटलेल्या नाहीत. घराचा तो प्रवास चालू आहे आणि त्यात घाईने निवाडा देणारे आपण कोण?

तुमच्यापैकी कोणाला घरासाठी हाताने काढलेले दृश्य घ्यायचे असेल, तर दोन-चार गोष्टी लक्षात ठेवा. बाजारात तीन प्रकार असतात. पहिला, कॅनव्हासवर मशीनने छापलेले. दुसरा, छापलेल्यावर पारदर्शक जेलचे फटकारे मारून हाताचे भासवलेले. तिसरा, खरोखर हाताने रंगवलेले. मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा धरा. हाताच्या कामात रंगाची जाडी जागोजागी बदलते आणि फटकारे आकाराच्या बरोबर वळतात. जेलचे फटकारे खालच्या चित्राशी जुळत नाहीत. भिंगातून बघितले तर छपाईचे बारीक ठिपके दिसतात. चौकट उलटी करून मागचे कापड आणि खिळे बघा. आणि बिलावर ‘हाताने काढलेली प्रत’ असे लिहून मागा. प्रामाणिक दुकानदार ते आनंदाने लिहून देतो.

पण घेण्यापेक्षा विकण्याची वेळ आपली परीक्षा जास्त घेते. बकरी ईदच्या आधी देवनारच्या मंडीत आपण बकऱ्याचे दात बघतो, पाय बघतो, शिंग हलवून बघतो. घेणारा म्हणून आपल्याला सगळे कळते. मग आपली जुनी स्कूटर विकताना इंजिन तेल पिते, हे आपण सांगतो का? पावसात भिंतीला ओल येते, हे भाडेकरूला किंवा खोली घेणाऱ्याला सांगतो का? आणि सर्वात नाजूक ठिकाण म्हणजे रिश्त्याची बोलणी. मुलाची नोकरी कायम आहे की कंत्राटी, मुलीचे औषध चालू आहे का, घरावर कर्ज किती आहे. तिथे आपण ‘ओरिजिनल हँडमेड’सारखी किती वाक्ये तयार ठेवतो! शब्द खरे असतात. निकाहनंतर जे उघड होते ते शब्द नसते. स्कूटर परत करता येते, चित्र परत करता येते. मुलगी परत आली तर काय होते, हे आपल्या वस्त्यांतून पुष्कळ पाहिलेले आहे.

मुलांना जाहिरातींतून भाव पाडून घ्यायला आणि चढवून विकायला शिकवणारे पुष्कळ आहेत. ८०० दिरहम देऊन घोडा घेणाऱ्या हजरत जरीर (रजि.) यांची गोष्ट सांगणारे मात्र घरातच असावे लागतात. या महिन्यात घरातली एखादी जुनी वस्तू विकायला काढणार असाल, तर मुलांना शेजारी बसवा आणि तिचा ऐब घेणाऱ्याला त्यांच्यासमोरच सांगा. दोन पैसे कमी येतील. अल्लाह आपल्या रोजीत आणि आपल्या बोलण्यात बरकत देवो. आमीन.